सासऱ्यांचं इंजिन

ट्रक माझा नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्या दिवसांत गल्लीतल्या प्रत्येकाने मला वाटेत अडवून "काय हो, तुमच्या ट्रकचं काय ठरलं?" असं विचारलं आणि प्रत्येकाला मी हेच सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. ट्रक माझ्या सासऱ्यांचा. वय एकाहत्तर. म्हणजे सासऱ्यांचं, ट्रकचं तीसच्या आसपास. गिरणीतून पिठाची पोती उचलायची आणि चार बेकऱ्यांना पोचवायची, हे काम दोघं इतकी वर्षं करत आलेत की बेकरीचं वळण आधी सासऱ्यांना दिसतं की ट्रकला, हे सांगता यायचं नाही. सासरे आमच्याकडे राहतात. बायको म्हणते, आपण त्यांच्याकडे राहतो. घराची कागदपत्रं पाहिली तर तिचंच बरोबर निघेल, पण ती काढायची वेळ मी आजवर येऊ दिलेली नाही.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. असं एक खातं असतं हे पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं ते मला लांबून पाहून दुकानाचं शटर खाली ओढतात. वीस वर्षं खोटे तराजू आणि पोचे पडलेली मापं तपासली की माणसाचा एक स्वभाव बनतो. "साधारण", "अंदाजे", "चिमूटभर" हे शब्द कानावर पडले की माझ्या कपाळाची शीर उडायला लागते. बायको चहात साखर नुसती डोळ्यांनी बघून टाकते. ते मी गेली अठरा वर्षं खिडकीबाहेर बघत सहन करतो.

तर एका मंगळवारी सकाळी, तिसऱ्या बेकरीच्या अलीकडच्या चढावर, पोत्यांसकट ट्रकने मान टाकली. नुसती टाकली असती तरी चाललं असतं. पण टाकताना निळ्या धुराचा असा लोट सोडला, की बेकरीवाल्याला आपलीच भट्टी भडकली असं वाटलं आणि त्याने धावत जाऊन बादलीभर पाणी मारलं. ते पाणी ताज्या पावांच्या दोन ट्रेंवर पडलं. सासऱ्यांनी ते पाव विकत घेतले. पुढचे तीन दिवस आमच्या घरात ओले पाव वाळवून खाल्ले जात होते, त्यामुळे या प्रकरणाची चव मला पहिल्यापासूनच माहीत आहे.

ट्रक ओढून गॅरेजच्या लाईनीत नेला. लाईन म्हणजे जुन्या गोदामांच्या मागे ओळीने उभी अकरा गॅरेजं. त्यातलं सातवं आमच्या मिस्त्रीचं. मिस्त्री बोलायला कमालीचा कंजूष. त्याने एक हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि डोळे मिटून उभा राहिला. आम्हीही उभे राहिलो. मग तो म्हणाला, "ऑइल पितंय. हाफ करायचं की फुल?"

मला काही कळलं नाही, हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"हाफ म्हणजे इंजिन जागेवरच ठेवायचं," तो मला लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागला. "वरून उघडायचं, रिंगा बदलायच्या, व्हॉल्व्ह बसवायचे, बंद करायचं. चार दिवस. फुल म्हणजे अख्खं इंजिन खाली उतरवायचं. सगळं सुटं करायचं, क्रँक लेथवर पाठवायचा, लायनर-पिस्टन नवे घालायचे आणि परत बांधायचं. तीन आठवडे. खर्च तिप्पट."

"हाफ केलं तर किती चालेल?"

"दोन वर्षं. नशीब असेल तर."

"आणि फुल?"

"दहा. नशीब नसेल तरी."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. इंजिन त्यांचं, आयुष्य त्यांचं, निर्णयही त्यांचाच. पण ते पुढच्या चाकाकडे असं टक लावून बघत होते जणू ते चाक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलंय. मग घसा खाकरून म्हणाले, "जावईबापू सांगतील. ते मोजणारे आहेत."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आदर नव्हता, पण उत्सुकता होती.

इथे मी "हाफ" म्हणून मोकळा झालो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण वीस वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी घरच्या माणसाने "मोजणारे" म्हटलं होतं, आणि तेही चारचौघांत. मी छाती भरून म्हणालो, "बघतो. आधी नीट माहिती गोळा करू."

अडचण अशी होती की वेळ नव्हता. गिरणीवाल्याने आपला छोटा टेम्पो तात्पुरता दिला होता, त्यात निम्मी पोती मावत, म्हणून सासरे रोज दुप्पट खेपा मारत होते. पण टेम्पो एकाच आठवड्यासाठी होता. शिवाय नवा कोरा ट्रक घेतलेला एक माणूस चारही बेकऱ्यांत जाऊन आपलं कार्ड ठेवून आला होता. तीन आठवडे गाडी बंद ठेवली की त्याचा ट्रक दारात दिसायला लागणार, आणि मग तोच दिसत राहणार. उलट घाईत हाफ केलं आणि चढावर पुन्हा तोच तमाशा झाला, तर बेकरीवाले कार्ड शोधायला लागणारच.

"मग ठरवा की लवकर," बायको म्हणाली. "तुमचा रुमाल कुठला न्यायचा हे ठरवायला दहा मिनिटं लागतात, त्या मानाने जरा घाई करा."

मी दुर्लक्ष केलं. ही बाई ट्रकच्या केबिनमध्ये लहानाची मोठी झाली. तिला इंजिनातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे तिने मला कधी बोलून दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर बरं, निदान भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बातमी सगळ्या इमारतीत पसरली होती. खालच्या मजल्यावर एक निवृत्त अभियंते राहतात. त्यांनी हयातभर पूल बांधले, म्हणून त्यांना सगळे पूलवाले साहेब म्हणतात. ते वही घेऊनच वर आले. "प्रश्न सोपा आहे," ते खुर्चीत बसता बसता म्हणाले. "एकूण फिरणं किती झालंय?"

मी सासऱ्यांना विचारलं. ते गॅलरीत बसून बूट काढत होते. म्हणाले, "मीटर अकरा वर्षांपूर्वीच बंद पडला. केबल तुटली. काटा तेव्हा जिथं होता तिथंच आहे."

माझ्या कपाळाची शीर उडाली. अकरा वर्षं माझ्या घराण्यातलं एक मोजमापाचं साधन बंद अवस्थेत रस्त्यावर फिरत होतं! मी शांतपणे कागद घेतला. रोजच्या खेपा, त्यांचं अंतर, सुट्ट्या वजा, लग्नकार्यात बंद राहिलेले दिवस वजा, आणि बायकोच्या बाळंतपणात सासऱ्यांनी दवाखान्याला घातलेल्या फेऱ्या अधिक. तासाभराने आकडा आला: साडेअकरा लाख किलोमीटर. पूलवाल्या साहेबांनी तो लगेच चंद्राच्या अंतराने भागला. तीन वेळा पूर्ण गेला.

"म्हणजे एक जाणं, एक येणं, आणि परत एक जाणं," साहेब म्हणाले. "हिशेबाने ट्रक सध्या चंद्रावर असायला हवा."

"तो लाईनीत आहे," मी म्हणालो.

"तेच. मी म्हणतो, पाडा. जुन्या पुलाला डागडुजी करत बसू नये. पायापासून नवा घ्या." एवढं बोलून त्यांनी वहीत पुलाचं चित्र काढलं. ट्रकचं इंजिन आणि पूल यांचा संबंध मी विचारला, तेव्हा त्यांनी मला भाराचं एक सूत्र समजावून सांगितलं. ते मला समजलं नाही. पण त्यांच्या आवाजावरून ते माझ्या विरोधात असावं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सिस्टर उतरल्या. या पस्तीस वर्षं शस्त्रक्रिया विभागात होत्या, त्यामुळे कुठल्याही विषयावर बोलताना त्या आधी हात धुतात. हात धुऊन आल्या आणि विचारलं, "पेशंटचं वय?"

"तीस. पण साडेअकरा लाख किलोमीटर."

"म्हणजे माणसात धरलं तर सत्तरच्या पुढे. खाणंपिणं?"

"शंभर किलोमीटरला जवळजवळ लिटरभर ऑइल."

"धाप?"

"चढावर."

सिस्टरनी मान हलवली. "साहेब काहीही म्हणोत. या वयात पूर्ण उघडायचं नसतं. मोठी शस्त्रक्रिया, तीन आठवडे अंथरूण, आणि वर काय, तर आणखी दहा वर्षं! कशासाठी? वरवरचं जुजबी काहीतरी करावं, औषधपाण्यावर जातील तेवढी दोन-चार वर्षं सुखाने जाऊ द्यावीत, आणि मग शांतपणे जाऊ द्यावं. या वयात दहा वर्षांचा बेत करणं बरं नव्हे."

गॅलरीत एक बूट खाली पडल्याचा आवाज झाला. सासरे दुसऱ्या पायातल्या बुटाची नाडी हातात धरून बसले होते. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सिस्टरकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि आत गेली. मी मात्र वहीत लिहीत होतो: "वैद्यकीय मत: हाफ. अभियांत्रिकी मत: फुल." एकास एक. निर्णय मोजमापावरच सोडायला हवा होता, आणि मला मनातून बरं वाटत होतं.

गुरुवारी मी किरकोळ रजा टाकून लाईनीत गेलो. सासरेही टेम्पोची पहिली खेप उरकून आले. मिस्त्रीला म्हणालो, "इंजिनाची ताकद मोजायचं काहीतरी असेल ना? कानाचं नको. काट्याचं."

"कॉम्प्रेशन गेज आहे," तो म्हणाला. "नोझल काढायचं, तिथं हे लावायचं, इंजिन फिरवायचं. आत दाब किती बनतो ते दाखवतं. बावीस किलोच्या वर असला तर हाफमध्ये भागेल. खाली असला तर फुल."

मला भरून आलं. बावीस! एक काटा, एक आकडा, एक निर्णय. जगात अजून सरळपणा शिल्लक होता.

गेज भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं. मिस्त्री ते काढायला गेला आणि माझी नजर सहज त्याच्या तबकडीवर गेली. कशालाही न जोडलेल्या, नुसत्या खिळ्याला लटकलेल्या त्या गेजचा काटा सहावर होता.

"हे सहा कशाचे?" मी विचारलं.

"ते तसंच आहे. सहा वजा करायचे."

"वजा करायचे?"

"सगळ्या लाईनीला माहीत आहे. उन्हात टांगलं असलं तर सात."

मला माहीत आहे, शहाण्या माणसाने इथे सहा वजा केले असते. आता मलाही तसंच वाटतं. पण त्या क्षणी माझ्यासमोर सासऱ्यांचं इंजिन नव्हतं, बेकऱ्या नव्हत्या, संसार नव्हता. माझ्यासमोर एक खोटं माप होतं आणि मी निरीक्षक होतो. माझ्या तोंडून माझ्याच आवाजात शब्द आले, "हे मला जप्त करावं लागेल."

मिस्त्रीला वाटलं मी विनोद करतोय. तो हसला. मी पिशवीतून पंचनाम्याचा कागद काढला. रजेच्या दिवशीही तो पिशवीत असतो, याला मी आजवर कर्तव्यदक्षता म्हणत आलो आहे. बायको वेगळा शब्द वापरते.

मग जे झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून कानशिलं तापतात. ते गेज मिस्त्रीचं नव्हतंच. अकरा गॅरेजांनी वर्गणी काढून घेतलेलं ते एकुलतं एक गेज. अर्ध्या मिनिटात अकराही गॅरेजांतली माणसं हातात पाने, जॅक आणि अर्धे चहाचे कप घेऊन माझ्याभोवती उभी राहिली. एकजण म्हणाला, त्याच्याकडे आत्ता एक इंजिन उघडं पडलंय. दुसरा म्हणाला, साहेब, काटा वाकडा असेल, आमची नियत सरळ आहे. तिसऱ्याने विचारलं, माझ्या स्वतःच्या घड्याळात किती वाजलेत. मी सांगितलं. तो म्हणाला, तीन मिनिटं पुढे आहे, जप्त करा. सगळे हसले.

मी हटलो नाही. मी त्यांना सांगितलं की प्रश्न सहाचा नाही, प्रश्न शून्याचा आहे. जिथे काही नाही तिथे शून्यच दिसलं पाहिजे, नाहीतर जिथे काहीतरी आहे तिथे काय दिसतंय यावर विश्वास कसा ठेवायचा? आवाज चिरका झाला होता, पण मी बोलत होतो. पंच म्हणून दोन सह्या लागत होत्या. कुणी देईना. शेवटी सासरे पुढे आले आणि सही केली. त्यांचं पाहून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने केली. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मला नीट कळलं नाही. ते माझ्याकडे असं बघत होते की जणू मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी आलोय.

गेज पिशवीत घालून मी स्कूटरवर बसलो. स्कूटर चार किका मारूनही सुरू झाली नाही. अकरा गॅरेजांपैकी कुणीही पुढे आलं नाही. मी ती वळणापर्यंत ढकलत नेली.

कार्यालयात गेल्यावर खरी करमणूक सुरू झाली. आमचे हेडक्लार्क माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, आणि नियमांच्या बाबतीत माझ्याहून वीस वर्षांनी. त्यांनी गेज नोंदवहीत चढवलं, त्याला क्रमांक दिला, खडूने त्याच्यावर लिहिला, कपाटात ठेवलं आणि किल्ली कंबरेला लावली. मग मला म्हणाले, "पण साहेब, आज आपण रजेवर आहात."

"हो, मग?"

"रजेवरचा अधिकारी जप्ती करू शकत नाही. ही जप्ती झालेलीच नाही."

"ठीक आहे," मी म्हणालो. मनातून मला हायसंच वाटलं. "मग द्या परत. नेऊन देतो."

"परत कसं देणार? नोंद झालीय. जप्त वस्तू सोडायची तर मालकाचा अर्ज लागतो."

"पण जप्ती झालेलीच नाही म्हणालात."

"जप्ती झालेली नाही. नोंद झालेली आहे."

मी रजा रद्द करायला निघालो. मंजूर झालेली रजा उपभोगल्यानंतर रद्द करता येत नाही, असं कळलं. मी म्हणालो, मी ती उपभोगली नाही, अकरा माणसांच्या शिव्या खाल्ल्या. रकान्यात त्यासाठी जागा नव्हती. मग मालकाचा अर्ज आणायचं ठरवलं. मालक अकरा. हेडक्लार्क म्हणाले, अकरा मालक चालणार नाहीत. एक व्यक्ती हवी किंवा नोंदणीकृत संस्था. लाईनीतल्या लोकांना मी फोनवर संस्था नोंदवा असं सुचवलं, तेव्हा पलीकडून जे ऐकू आलं ते मी इथे लिहू शकत नाही.

हे सगळे नियम कुणी घातले, असं मी सोमवारी वैतागून टेबलावर हात आपटत विचारलं. हेडक्लार्कनी कपाटातून एक परिपत्रक काढलं आणि अदबीने माझ्यापुढे ठेवलं. खाली मसुदाकार म्हणून माझी सही होती. नऊ वर्षांपूर्वीची. भाषा मात्र फार नेटकी होती.

मंगळवारी वरून खुलासा मागवणारं पत्र आलं: सासऱ्यांचं वाहन दुरुस्तीला असलेल्या ठिकाणीच आपण कारवाई का केली? यात वैयक्तिक हितसंबंध आहे काय? मी चार पानी खुलासा लिहिला. त्यात माझा हितसंबंध होता तो जप्ती न करण्यात होता, आणि तरी मी ती केली, हे मुद्देसूद मांडलं. वाचून हेडक्लार्क म्हणाले, "साहेब, हे वाचलं की तुमच्याबद्दल फार वाईट वाटतं." तो खात्याचा अभिप्राय होता की त्यांचा स्वतःचा, हे मी विचारलं नाही.

घरी मी कुणाशी फारसं बोलत नव्हतो. रोज संध्याकाळी बायको विचारायची, "झालं का?" आणि मी म्हणायचो, "प्रक्रियेत आहे." सासरे सकाळी लवकर बाहेर पडत, संध्याकाळी हात काळे करून येत. टेम्पोही जुनाच दिसतोय, असं मला वाटलं. आठवडा संपला तरी गिरणीवाल्याने टेम्पो परत मागितला नाही. माणूस भला आहे, असंही मला वाटलं. त्या दिवसांत मला बरंच काही नुसतं वाटतच होतं. बघायला मला फुरसत नव्हती.

नवव्या दिवशी, शनिवारी, हेडक्लार्कनीच तोडगा काढला. ते म्हणाले, जप्ती झालेली नाही म्हणजे वस्तू कार्यालयात सापडली असं धरता येईल. सापडलेली वस्तू आणून देणाऱ्याला परत देता येते. मी माझ्याच नावाने अर्ज केला, माझ्यापुढेच सही केली, आणि नऊ दिवसांपूर्वी मी आणलेलं गेज मला सापडलं म्हणून मला मिळालं. तिथेच बसून मी काच उघडली, काटा सोडवला, बरोबर शून्यावर बसवला. दोन मिनिटांचं काम.

स्कूटरवरून लाईनीत जाताना मी वाक्यं जुळवत होतो. लोकांची थोडी माफी, थोडं प्रबोधन. सातव्या गॅरेजापुढे ट्रक ताडपत्रीखाली उभा होता. मिस्त्री, सासरे आणि, आश्चर्य म्हणजे, माझी बायको तिथे होते. बायकोने केस बांधले होते आणि तिच्या हातात ग्रीसचा डबा होता.

"आणलं!" मी गेज वर धरून म्हणालो. "शून्यावर आहे. काढा नोझल!"

मिस्त्रीने ताडपत्री थोडी वर उचलली. ट्रकचं तोंड उघडं होतं आणि आत जिथे इंजिन असतं तिथून मला पलीकडची भिंत दिसली. भिंतीवर एक पाल होती.

"इंजिन कुठाय?"

मिस्त्रीने आतल्या फळ्यांकडे हात केला. तिथे ते होतं. फडक्यांवर मांडलेलं, धुतलेलं, शेकडो तुकड्यांत. "उतरवून नऊ दिवस झाले," तो म्हणाला. "क्रँक परवा लेथवरून आला."

नऊ दिवस! म्हणजे मी स्कूटर ढकलत वळणापर्यंत पोचलो नसेन, तोवर यांनी बोल्ट सोडवायला घेतले होते. माझ्या डोळ्यांपुढून परिपत्रक, खुलासा, अकरा मालक, सगळं एकदम गेलं. बाजूला एक जुना पिस्टन आणि लायनर ठेवले होते. काय करावं सुचेना म्हणून मी खिशातून कॅलिपर काढलं आणि मोजलं. झीज मर्यादेच्या कितीतरी बाहेर. मी पुन्हा मोजलं. मग उभा राहून शक्य तितक्या गंभीरपणे जाहीर केलं, "माझा निर्णय झाला. फुल."

"बरं झालं तुम्हाला विचारलं," मिस्त्री म्हणाला.

मी बायकोकडे वळलो. "तुलाही माहीत होतं?"

"गिरणीवाल्याकडे टेम्पोची मुदत वाढवून मागायला कोण गेलं? बेकऱ्यांत कोण बोलून आलं?" ती म्हणाली. "बाबा म्हणाले, त्यांना सांगू नकोस."

आता मात्र माझा तोल गेला. सासऱ्यांशी मी अठरा वर्षांत कधी चढ्या आवाजात बोललो नव्हतो. "बाबा, तुम्हाला स्वतःच ठरवायचं होतं तर मला विचारलंत कशाला? नऊ दिवस मी तिकडे स्वतःलाच अर्ज करत बसलो!"

सासरे फडक्याने एक पाना पुसत होते. पुसून झालेला पाना ते पुन्हा पुसायला लागले.

"माझं ठरलेलंच होतं," ते म्हणाले. "हाफ. दोन वर्षं तो, दोन वर्षं मी. मग दोघंही सुटलो. पण ते माझ्या तोंडाने म्हणवेना. म्हणून म्हटलं, तुम्ही म्हणा." त्यांनी पाना फळीवर ठेवला. "मग सिस्टर बोलल्या. माझ्याच मनातलं बोलल्या. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर असा संताप आला मला, काय सांगू! आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही इथे उभे. अकरा माणसं अंगावर आलेली, आवाज फाटलेला, आणि तुम्ही सहा किलोसाठी भांडताय. स्वतःचंच नुकसान करून. म्हटलं, हा माणूस सहा किलोसाठी एवढा भांडतो, आणि मी दहा वर्षांसाठी तोंड उघडत नाही?"

मी कॅलिपर मिटून खिशात ठेवलं. राग होता, पण तो ठेवायला जागा सापडेना.

"पण मग सांगायचं तरी," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तुम्ही मोजायला बसला असता," सासरे म्हणाले. "मला."

मिस्त्री पाठ वळवून खोकला. बायकोने ग्रीसचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "उभेच आहात तर धरा."

पुढचे बारा दिवस मी कार्यालय सुटल्यावर तिथे जात होतो आणि डबा धरत होतो. मोजायचं काम निघालं की मिस्त्री मान न उचलता म्हणायचा, "साहेबांना द्या." लाईनीतले बाकीचेही हळूहळू आपापले पिस्टन घेऊन यायला लागले. कुणी माफी मागितली नाही, मीही नाही. चौथ्या बेकरीवाल्याने मधल्या काळात नव्या ट्रकवाल्याकडून दोन खेपा करून घेतल्या, आणि ते सासऱ्यांना कळलं तेव्हा त्या संध्याकाळी ते अर्ध्या जेवणावरून उठले. एक बेकरी गेलीच, असं आम्ही धरून चाललो होतो.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. माझ्या घड्याळात. आधी दोनदा नुसतं घरघरलं. तिसऱ्यांदा पेटलं, आणि मिस्त्रीने हातभर स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटले. बराच वेळ. मग तो माझ्या हातात देऊन म्हणाला, "ऐका." मी ऐकलं. मला त्यात काही कळलं नाही, पण माझ्या कपाळाची शीर शांत होती.

सोमवारी पहिली खेप. सासऱ्यांनी मला शेजारी बसवलं; म्हणाले, कार्यालय वाटेतच आहे, सोडतो. पोती पूर्ण भरलेली. ट्रक गिरणीच्या फाटकातून बाहेर पडला, मोठ्या रस्त्याला लागला, आणि तिथून पुढे तो ज्या वेगाने जाऊ लागला त्याला वेग म्हणणं खात्याच्या दृष्टीने दिशाभूल ठरेल. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या मागच्या सीटवर एक बाई बसली होती. तिने वळून आमच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. मग एक शाळेची बस गेली. मग पाठीवर पिंप बांधलेली एक हातगाडी आमच्या बरोबरीने चालू लागली.

"बाबा," मी घड्याळ बघत म्हणालो, "काही बिघडलंय का?"

"नाही. नवं इंजिन आहे. अंगवळणी पडेपर्यंत हळूच न्यायचं असतं. दोन हजार किलोमीटर असंच."

"दोन हजार? असंच? मला साडेदहाला पोचायचंय! आजवर एकदाही माझा लेटमार्क नाही!"

"चौथ्या बेकरीवाल्याचा काल फोन आला होता," ते म्हणाले. "नवा ट्रकवाला पोती दारात टाकून जातो. आत नेऊन ठेवत नाही. उद्यापासून या म्हणाला."

ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताठ बसले होते, रस्त्याकडे बघत. आमच्या मागे गाड्यांची रांग लागली होती आणि हॉर्नचा एकच कल्लोळ चालला होता.

"थोडा तरी वाढवा की," मी काकुळतीला येऊन म्हणालो.

"घाई कसली, जावईबापू?" सासरे म्हणाले. "दहा वर्षं आहेत."

मी घड्याळावरून बाही खाली ओढली. मग काच उतरवली, हात बाहेर काढला, आणि मागच्या सगळ्यांना पुढे जायची खूण करत बसलो.